शेतकऱ्यांसाठी डिजिटल कौशल्ये : कोणती, किती आणि कशी शिकावीत?

खरीप जवळ आला की आपण बियाणे, खते आणि मजुरांची जुळवाजुळव करतो. अलीकडे त्यात आणखी एका तयारीची भर पडली आहे. पिकाची नोंद मोबाईलवरून करायची, अवजारासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, पीएम-किसानचे ई-केवायसी पूर्ण ठेवायचे, शेतकरी ओळख क्रमांक काढायचा. यातले एखादे काम वेळेत झाले नाही तर शेतातले पीक कितीही चांगले असले तरी अनुदान, नुकसानभरपाई किंवा हमीभावाची विक्री अडते.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात एक शेतकरी भगिनी भेटल्या. सोयाबीन आणि कपाशीचे तीन एकर त्या स्वतः पाहत होत्या. ठिबक संचासाठी त्यांनी अर्ज केला होता आणि सोडतीत त्यांची निवडही झाली होती, पण ते त्यांना कळलेच नाही. अर्ज गावातल्या ऑनलाइन सेंटरवरून भरलेला होता आणि मोबाईल क्रमांकाच्या जागी सेंटरचाच क्रमांक टाकला होता. निवडीचा संदेश तिकडे गेला. कागदपत्रे अपलोड करण्याची मुदत संपली आणि अर्ज रद्द झाला. घरात स्मार्टफोन होता, तो मुलाकडे असायचा आणि मुलगा शिक्षणासाठी शहरात राहत होता.

असे प्रसंग कमी-जास्त फरकाने प्रत्येक गावात सापडतात. म्हणून डिजिटल कौशल्याची एक साधी कसोटी लक्षात ठेवावी. ज्याच्या नावावर शेत किंवा अर्ज आहे, त्याला स्वतःचे काम स्वतः पाहता आणि तपासता आले पाहिजे. बटण दुसऱ्याने दाबले तरी चालेल, पण काय भरले गेले आणि पुढे काय झाले, हे आपल्याला कळले पाहिजे.

देशपातळीवर आतापर्यंत काय झाले?

ग्रामीण भागात डिजिटल साक्षरता वाढवण्यासाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केले. दर घरातील एक याप्रमाणे ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतील व्यक्तींना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. वयोगट १४ ते ६० वर्षे, प्रशिक्षण २० तासांचे आणि शेवटी परीक्षा, असे त्याचे स्वरूप होते. मार्च २०२४ अखेर हे अभियान संपले, तेव्हा ६ कोटी ३९ लाखांच्या आसपास लोकांना प्रशिक्षण मिळालेले होते.

हे काम मोठे होते. मात्र घरातून एकच व्यक्ती निवडायची असल्याने बहुतेक ठिकाणी शिकलेली तरुण मुले-मुली पुढे आली, असा आमचा गावपातळीवरचा अनुभव आहे. पुढे ती शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडली आणि शेतीचे निर्णय घेणारी आई, सासू किंवा वडील पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून राहिले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मधील आकडे या दृष्टीने पाहावेत. देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या महिलांचे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. इंटरनेट कधीही वापरलेल्या ग्रामीण महिला सुमारे २५ टक्के, तर ग्रामीण पुरुष सुमारे ४९ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले आहेत, पण निंदणी, वेचणी, बियाणे राखणे आणि जनावरे सांभाळणे ही कामे करणाऱ्या हातांपर्यंत हे कौशल्य पोहोचल्याशिवाय सर्वांना सामावून घेणारे डिजिटल परिवर्तन झाले असे म्हणता येणार नाही.

आता २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या डिजिटल कृषी अभियानात शेतकरी नोंदणी, गावनकाशे आणि पीक पेरा नोंदणी एकमेकांशी जोडली जात आहेत. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. त्यामुळे ही कामे पुढे ढकलून चालणार नाही.

पहिली तयारी : मोबाईल क्रमांक आपलाच हवा

कोणतेही ॲप शिकण्याआधी हे काम करावे. पुढील पाच ठिकाणी कोणता मोबाईल क्रमांक नोंदवला आहे, ते एका कागदावर लिहून काढावे.

- आधार
- बँक खाते
- पीएम-किसान
- महाडीबीटी
- शेतकरी ओळख क्रमांक

यातील एखाद्या ठिकाणी सेंटरचा, दुकानदाराचा किंवा बंद पडलेला क्रमांक असेल तर तो बदलून घ्यावा. आधारवरील क्रमांक आधार केंद्रात किंवा पोस्टाच्या सेवेतून बदलता येतो, बँकेतील क्रमांक शाखेत अर्ज देऊन बदलता येतो. वारंवार सिम बदलू नये. रिचार्ज संपून क्रमांक बराच काळ बंद राहिला तर तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि आपले ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात.

शेतकऱ्याला यायलाच हवीत अशी सहा कामे

१) ई-पीक पाहणी

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः पीक नोंदवण्याची पद्धत सुरू झाली. नोंद करताना शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो, त्यामुळे फोनचे लोकेशन सुरू ठेवावे. गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन अचूक भरावे. चूक झाली तर नोंदीनंतर ४८ तासांत दुरुस्ती करता येते. रेंज नसल्यास शेतात माहिती भरून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावी. एका फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे स्मार्टफोन नसलेल्या शेजाऱ्याचेही काम होऊ शकते.

नेहमी होणारी चूक म्हणजे आंतरपीक राहून जाणे. सोयाबीनमध्ये तूर असते, पण नोंद फक्त सोयाबीनची होते. पुढे तूर खरेदी केंद्रावर न्यायची वेळ आली की सातबारावर तूर दिसत नाही. तूर खरिपातच पेरली जाते, म्हणून तिची नोंदही खरिपातच मिश्र पीक म्हणून करावी. बांधावरची झाडे, विहीर आणि पडीक क्षेत्र यांचीही नोंद विसरू नये. ॲपची नवी आवृत्ती आली असल्यास हंगामाच्या सुरुवातीलाच अपडेट करून घ्यावी.

२) सातबारा आणि आठ-अ पाहणे

महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा विनामूल्य पाहता येतो. हा उतारा फक्त माहितीसाठी असतो. शासकीय कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये शुल्क भरून काढता येतो, त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते. वर्षातून किमान दोनदा, म्हणजे खरीप आणि रब्बीची पीक नोंद झाल्यानंतर, उतारा पाहावा. नाव, क्षेत्र, इतर हक्कांतील बोजा आणि पीक या चार गोष्टी तपासाव्यात. कर्ज फेडले असूनही बोजा दिसत असेल तर बँकेचा दाखला घेऊन तलाठ्यांकडे, म्हणजेच ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा.

३) महाडीबीटीवरील अर्जाची स्थिती पाहणे

अर्ज भरणे हे निम्मे काम आहे. त्यानंतर अर्जाची स्थिती दर आठवड्याला पाहण्याची सवय लावावी. निवड झाल्यावर दिलेल्या मुदतीत कागदपत्रे अपलोड करावी लागतात. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र किंवा संच खरेदी करू नये, तसे केल्यास अनुदान नाकारले जाऊ शकते. सेंटरवर अर्ज भरला असेल तर युजर आयडी, पासवर्ड आणि अर्जाची छापील प्रत मागून घ्यावी. ही प्रत घरात सातबाराच्या फाईलमध्येच ठेवावी.

४) पीएम-किसानचे ई-केवायसी

वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. हप्ता थांबला तर ई-केवायसी, बँक खात्याशी आधारची जोडणी आणि जमिनीच्या नोंदीची पडताळणी या तीन गोष्टी पाहाव्यात. ई-केवायसी ओटीपीने, सेवा केंद्रात अंगठा देऊन किंवा पीएम-किसान ॲपवर चेहरा दाखवून करता येते. बोटांचे ठसे झिजलेल्या वयस्कर शेतकऱ्यांना आणि मजुरी करणाऱ्या भगिनींना चेहऱ्याची पद्धत सोयीची पडते.

५) हवामान सल्ला आणि बाजारभाव

‘मेघदूत’ ॲपवर भारतीय हवामान विभागाचा अंदाज आणि त्यावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. फवारणी, युरियाची मात्रा आणि काढणी ही तीन कामे ठरवण्याआधी तो पाहावा. फवारणीनंतर काही तासांतच पाऊस आला तर औषध, मजुरी आणि दिवस तिन्ही वाया जातात. ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असल्यास इशारा देते. मान्सूनपूर्व पावसात शेतात काम करणाऱ्यांनी ते फोनमध्ये ठेवावे.

बाजारभाव पाहताना कमाल दराकडे न पाहता सर्वसाधारण दर पाहावा. कमाल दर थोड्या उत्तम मालाला मिळालेला असतो. जवळच्या तीन बाजार समित्यांचे आठवडाभराचे दर आणि आवक वहीत लिहिली तरी विक्रीचा निर्णय सोपा होतो. वाहतूक, हमाली आणि ओलाव्याची घट वजा करूनच तुलना करावी.

६) पीक सल्ल्यासाठी योग्य फोटो पाठवणे

आमच्याकडे रोज अनेक फोटो येतात. बरेचसे एका पानाचे आणि तेही अंधूक असतात. त्यावरून निदान करणे म्हणजे अंदाज बांधणे होय. सल्ला हवा असेल तर पुढील चार फोटो सकाळच्या उजेडात काढावेत.

- लांबून संपूर्ण शेत, नुकसान कोणत्या भागात आहे ते दिसेल असे
- एक पूर्ण झाड, शक्य असल्यास मुळासकट
- प्रादुर्भाव झालेल्या पानाची वरची बाजू
- त्याच पानाची खालची बाजू

सोबत वाण, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी, दिलेले खत आणि पाण्याची पाळी लिहावी. लिहिणे जमत नसेल तर बोलून संदेश पाठवावा. कपाशीचे पान लाल होण्यामागे मॅग्नेशियमची कमतरता, तुडतुडे किंवा रात्रीची थंडी अशी वेगवेगळी कारणे असतात आणि उपायही वेगळे असतात. पानाची खालची बाजू दिसली तर तुडतुडे आहेत की नाहीत हे लगेच कळते आणि एक अनावश्यक फवारणी वाचू शकते.

व्हॉट्सॲपवर फिरणारा फवारणीचा सल्ला थेट वापरू नये. कीडनाशकाच्या लेबलवर ते पीक आणि ती कीड लिहिलेली आहे का, मात्रा किती आहे आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे आहे, हे वाचावे. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्राला विचारावे.

फसवणुकीपासून सावध राहा

- पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘पैसे जमा करायला पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर व्यवहार तिथेच थांबवावा.
- पीएम-किसान, पीक विमा किंवा बँकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नये. तिच्यामुळे आपले संदेश आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. ॲप नेहमी प्ले स्टोअरवरून घ्यावे आणि ते कोणत्या संस्थेचे आहे ते पाहावे.
- ओटीपी सांगण्याआधी संदेश पूर्ण वाचावा किंवा वाचून घ्यावा. ओटीपी कशासाठी आहे ते बहुधा त्यातच लिहिलेले असते.
- अंगठा देऊन पैसे काढताना पावती मागावी. ‘सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा अंगठा ठेवा’ असे सांगितल्यास आधी खात्यातील शिल्लक तपासावी. गरज नसताना आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते.
- पैसे गेले तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम पुढे जाण्यापासून थांबवण्याची शक्यता जास्त असते.

स्मार्टफोन नसेल तर?

साध्या फोनवरूनही बरेच काही होते. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीत सल्ला मिळतो. साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सेवा आहे. ई-पीक पाहणीसाठी शेजाऱ्याचा किंवा बचत गटातील एकीचा फोन वापरता येतो, मात्र नोंद होताना आपण शेतात हजर राहावे आणि भरलेली माहिती मोठ्याने वाचून घ्यावी.

वाचता येत नसेल तरी शिकणे अशक्य नाही. फोनवर मराठीत बोलून शोध घेता येतो. पीएम-किसानविषयी प्रश्न विचारण्यासाठी ‘किसान ई-मित्र’ ही सुविधा मराठीतही उपलब्ध आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : प्रशिक्षण कसे घ्यावे?

सभागृहात पडद्यावर ॲप दाखवले की सर्वांना समजल्यासारखे वाटते, पण घरी गेल्यावर हात अडतो. आमच्या अनुभवातून उपयोगी ठरलेल्या काही गोष्टी पुढे दिल्या आहेत.

१. हंगामाच्या कामाला जोडून शिकवावे. ई-पीक पाहणी पेरणीनंतर आणि बांधावर शिकवावी, बाजारभाव काढणीच्या आधी शिकवावा. एका बैठकीत एकच काम घ्यावे.

२. गट पाच-सहा जणांचा असावा. फोन शिकणाऱ्याच्याच हातात ठेवावा. प्रशिक्षकाने फोन हातात घेऊन काम उरकून देऊ नये. हा मोह आवरणे सर्वांत अवघड असते.

३. वेळ आणि जागा महिलांच्या सोयीची असावी. दुपारचे जेवण झाल्यानंतर किंवा बचत गटाच्या बैठकीला जोडून सत्र घ्यावे. सातबारावर नाव नसले तरी महिलांना वगळू नये, कारण शेतातली कीड सर्वांत आधी बहुधा त्यांनाच दिसते. घरात एकच फोन असेल तर पती-पत्नी दोघांनाही बोलवावे.

४. चूक करू द्यावी. ‘काहीतरी बिघडेल’ ही भीती वयस्करांना जास्त असते. काय दुरुस्त करता येते आणि काय येत नाही, हे आधी सांगावे.

५. पंधरा दिवसांनी परत जावे. तेच काम मदतीशिवाय करून दाखवायला सांगावे. किती जणांना प्रशिक्षण दिले यापेक्षा किती जणांना स्वतः करता आले, हा आकडा अहवालात लिहावा.

६. गावातच मदतनीस तयार करावा. कृषी सखी, बचत गटातील सदस्य किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा कर्मचारी असा गावात राहणारा माणूस निवडावा. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनाही बैठकीला बोलवावे. शुल्काचा फलक, पावती आणि अर्जात शेतकऱ्याचाच मोबाईल क्रमांक, या तीन गोष्टी त्यांच्याशी ठरवून घ्याव्यात.

वर्षाचे साधे वेळापत्रक

- एप्रिल-मे : मोबाईल क्रमांक, बँक-आधार जोडणी, शेतकरी ओळख क्रमांक आणि सातबारा तपासावा.
- जून-जुलै : मेघदूतचा सल्ला पाहून पेरणी व फवारणीचे नियोजन करावे. विमा घेतला असल्यास पावती जपून ठेवावी. पीक, क्षेत्र आणि गट क्रमांक पावतीवर बरोबर आहेत का ते पाहावे.
- ऑगस्ट-सप्टेंबर : खरिपाची ई-पीक पाहणी जाहीर मुदतीत पूर्ण करावी. शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर ताण येतो, म्हणून थांबू नये.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : बाजारभावाची नोंद ठेवावी आणि हमीभाव खरेदीची ऑनलाइन नोंदणी करावी.
- डिसेंबर-जानेवारी : रब्बीची ई-पीक पाहणी करावी आणि सातबारावर खरिपाची पिके आली का ते तपासावे.

स्वतःला विचारा

माझा क्रमांक सर्व ठिकाणी माझाच आहे का? माझ्या सातबारावर यंदाची सर्व पिके दिसतात का? माझ्या अर्जाची स्थिती मला कोणाला न विचारता पाहता येते का? पिन आणि ओटीपी फक्त माझ्याकडेच आहे का? घरातील आणखी एका व्यक्तीला, विशेषतः महिलेला, हे सर्व येते का?

पाचपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर शिकायला सुरुवात तिथूनच करावी. सुरुवातीला उल्लेख केलेल्या भगिनींनी पुढच्या हंगामात प्रथम मोबाईल क्रमांक बदलून घेतला, मग तुरीसह ई-पीक पाहणी स्वतः केली आणि ठिबकसाठी पुन्हा अर्ज भरला. अर्ज भरायला त्या सेंटरवरच गेल्या होत्या. मात्र या वेळी भरलेली प्रत्येक ओळ त्यांनी वाचायला लावली आणि छापील प्रत घेऊनच त्या उठल्या.